स्लो कुकरमधली कार्निटास: पाणी घालू नका आणि शेवटचं भाजणं चुकवू नका

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, घरात आला की बहुतेक लोक पहिल्या महिन्यातच त्यात पोर्क शोल्डर टाकतात, वरून बाटलीतला सालसा (मेक्सिकन चटणी), एक कप चिकन स्टॉक, झाकण लावलं की निघाले ऑफिसला. संध्याकाळी मटण मऊ झालेलं असतं, काट्याने लगेच सुटतं, पण चव बघाल तर उकडलेली. रंग करडा, रस पांचट, मग वर चीज आणि सावर क्रीम थापून वेळ मारून न्यायची. दोष कुकरचा नाहीये. त्याचं काम मऊ करायचं, ते तो इमानदारीत करतो, भाजणं त्याला येतच नाही आणि ती अपेक्षा त्याच्याकडून करूच नये. कार्निटास म्हणजे चरबीत शिजवून खरपूस केलेलं मेक्सिकन पोर्क, त्याची अर्धी मजा मऊपणात आणि अर्धी कडेच्या तपकिरी कुरकुरीत तुकड्यांत, त्यामुळे अर्धं काम कुकरवर सोपवायचं आणि अर्धं शेवटच्या पंधरा मिनिटांत आपण स्वतः उभं राहून करायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी.

आधी मूळ प्रकार काय आहे ते थोडक्यात, कारण ते कळलं की कृतीतली कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली उगाच, हे आपोआप समजतं. कार्निटास ही मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याची खासियत. तिथलं किरोगा गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे, उरुआपानचं नावही घेतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर डुकरं तिकडे गेली आणि त्यांच्याबरोबर चरबीत तळण्याशिजवण्याची पद्धतही गेली. तांब्याच्या मोठ्या कढईत, तिला तिथे कासो म्हणतात, डुकराचीच चरबी वितळवतात आणि त्यात खांदा, मांडी, बरगड्या, कातडी, पोट असे सगळे भाग मंद आचेवर दोनतीन तास शिजवतात, मग शेवटी आच वाढवून रंग आणतात. ह्या कढया ठोकून करणारं गावही मिचोआकानातच आहे, सांता क्लारा देल कोब्रे. मसाला जवळजवळ नाहीच. मीठ, कुणी संत्रं, कुणी बे लीफ, कुणी दूध किंवा चक्क कोका कोला, कारण साखरेने रंग छान येतो. मिरची कढईत नसते, ती सालशात. अमेरिकन साइट्सवर जिरं, चिली पावडर, पॅप्रिका असं सगळं चोळायला सांगतात, ते वाईट लागतं असं नाही पण ते टेक्ससकडे झुकलेलं मटण झालं.

इथे शिकागोत पिल्सन भागात 18व्या स्ट्रीटवर कार्निटास पाउंडावर विकतात. काउंटरमागचा माणूस विचारतो, मासिसा की सुर्तिदा? मासिसा म्हणजे नुसतं मटण, सुर्तिदा म्हणजे सगळं मिसळून, त्यात कातडी पण आली, पोट पण आलं. मग तो लाकडाच्या ठोकळ्यावर जाड सुरीने पाचसहा घाव घालतो, मोठा तुकडा, बारीक चुरा, एखादा चिकट कातडीचा तुकडा, सगळं एकत्र होतं आणि कागदात बांधून देतो. तो एकसारखा बारीक कीस कधीच करत नाही हे नीट बघून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चरबीने भरलेली कढई घरी कोण चढवणार. तीनचार किलो चरबी आणायची, तळून झाल्यावर ती ठेवायची कुठे. म्हणून स्लो कुकर. त्यात मटण स्वतःच्याच चरबीत आणि स्वतःच्याच रसात शिजतं, आपण बाहेरचं पाणी घातलं नाही तर मूळ पद्धतीच्या बऱ्यापैकी जवळ जातं.

मटण कुठलं घ्यायचं

खांदा. फक्त खांदा. अमेरिकन दुकानात त्यावर बॉस्टन बट किंवा पोर्क बट लिहिलेलं असतं, नावावर जाऊ नका, तो खांद्याचाच वरचा भाग आहे. पिकनिक शोल्डर म्हणजे त्याच्या खालचा, पायाकडचा भाग, स्वस्त असतो, पण कातडी आणि हाड जास्त, चालतो. मेक्सिकन कार्निसेरियात, म्हणजे मटणाच्या दुकानात, गेलात तर एस्पाल्दिया मागा, बिनहाडाचं हवं असेल तर सिन उएसो म्हणा, तो तिथेच तुकडे करून देतो. कॉस्कोत बिनहाडाचा खांदा मोठ्या पॅकमधे मिळतो, अर्धा फ्रीझरमधे टाकायचा.

लॉइन, म्हणजे पाठीचा सरळसोट गुलाबी भाग, तो अजिबात नको. दिसायला सुंदर, चरबी नाही, हेल्दी वगैरे. आठ तासांनी त्याचा कापूस होतो. खांद्यात पांढरे पडदे आणि पट्टे दिसतात ना, ते कोलॅजन, 70 अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की त्याचं हळूहळू जिलेटिन होतं आणि मटणाला तो चिकट ओलावा येतो. लॉइनमधे ते जवळपास नसतंच, त्यामुळे त्याला जितकं शिजवाल तितकं कोरडं. ज्यांना चरबीची काळजी आहे त्यांनी खांदाच घ्यावा आणि कमी खावा, हा माझा प्रामाणिक सल्ला.

सामान

सहा क्वार्टच्या, म्हणजे साधारण साडेपाच लिटरच्या कुकरसाठी. ह्यात वीसेक टॅको आरामात होतात.

- बिनहाडाचा खांदा 4 पाउंड, म्हणजे 1.8 किलो
- बारीक मीठ 22 ग्रॅम, साधारण पावणेचार छोटे चमचे सपाट
- मिरपूड 1 छोटा चमचा
- ओरेगानो 2 छोटे चमचे, मेक्सिकन मिळाला तर उत्तम
- जिरेपूड 1 छोटा चमचा, वाटलं तर
- लसूण 10 पाकळ्या, नुसत्या ठेचलेल्या
- कांदा 1 मोठा, चार फाका
- संत्रं 1, लिंबू 1
- बे लीफ 3
- डुकराची चरबी 3 मोठे चमचे

मीठ वजन करूनच घ्या. मटणाच्या वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास, मग मटण किती का असेना. इथलं जाड दाण्याचं कोशर मीठ चमच्याने मोजलं तर घोळ होतो, कारण एका कंपनीचं हलकं, फुलकं असतं आणि दुसरीचं जड, चमचा तोच पण मीठ दीडपट. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा नसेल तर दहाबारा डॉलरचा घेऊन टाका, पोळ्यांच्या कणकेलासुद्धा उपयोगी पडतो.

मेक्सिकन ओरेगानो आणि पिझ्झावरचा ओरेगानो ही दोन वेगळ्या कुळातली झाडं आहेत. पिझ्झावाला पुदिन्याच्या कुळातला, मेक्सिकन हा घाणेरीच्या कुळातला, त्याला जरा लिंबासारखा वास असतो. नाही मिळाला तर साधा चालतो, फक्त थोडा कमी टाका. तेजपानाचंही तसंच. इथलं बे लीफ आणि आपलं बिर्याणीतलं तमालपत्र वेगळी, आपलं दालचिनीच्या कुळातलं असल्यामुळे त्याला तो गोडसर मसाल्याचा वास येतो. तमालपत्र टाकलं तर एकच टाका नाहीतर मटण पुलावाकडे जातं.

चरबीबद्दल. सुपरमार्केटमधे पांढरीशुभ्र ठोकळ्यात मिळते तिला ना वास ना चव. कार्निसेरियात प्लास्टिकच्या डब्यात तपकिरी झाक असलेली मऊ मान्तेका असते, चिचारोन, म्हणजे डुकराची कातडी, तळून उरलेली, ती घ्या. एक डबा महिनोन्महिने फ्रीजमधे राहतो आणि ह्या पदार्थाला ती जे करते ते दुसऱ्या कशाने होत नाही. नाहीच मिळाली तर तेल घाला, तूप मात्र नको, वास भांडतो.

आदल्या रात्रीचं काम

रात्री दहा मिनिटं काढा. खांद्याची कातडी असेल तर काढून टाका, स्लो कुकरमधे ती रबर होते. वरची जाड चरबीची थर मात्र सगळी कापू नका, बोटाच्या पेराएवढी जाड असेल तर अर्धी ठेवा. मग मुठीएवढे तुकडे, आठदहा सेंटिमीटरचे. अख्खा गोळा टाकायचा मोह होतो कारण कापायला कंटाळा, पण अख्ख्या गोळ्याच्या आत मीठ पोचत नाही, शिजायला वेळ जास्त लागतो आणि शिजेपर्यंत बाहेरचा भाग जास्त होतो. आणि अगदी मटणरश्श्याएवढे छोटे तुकडे केले तर सगळं कोरडं पडून चुरा होतो.

मटण नळाखाली धुवायची आपली सवय मला माहिती आहे, घरोघरी आहे. त्याने जंतू जात नाहीत, उलट सिंकभर आणि ओट्यावर उडतात, आणि वर मटण ओलं राहतं. पेपर टॉवेलने दाबून कोरडं करा, पुरे. मीठ, मिरपूड, ओरेगानो, जिरेपूड एकत्र करून सगळ्या बाजूंनी चोळा, डब्यात भरा, रात्रभर फ्रीजमधे. वेळ नसेल तर सकाळी चोळून लगेच लावलं तरी जमतं, फरक कळतो पण पदार्थ वाया जात नाही.

एक गोष्ट करू नका, कुकरच्या आतल्या चिनीमातीच्या भांड्यातच मटण भरून ते भांडं रात्री फ्रीजमधे ठेवणं. सोयीचं वाटतं, पण थंडगार जाड भांडं गरम व्हायलाच तासन्तास घेतं आणि एकदम गरम केलं तर तडकू शकतं. तसंच फ्रीझरमधलं दगड झालेलं मटणही थेट टाकायचं नाही. 4 ते 60 अंशांच्या मधे मटण जितका वेळ रेंगाळेल तितके त्यात जंतू वाढतात, स्लो कुकर मुळातच सावकाश गरम होणारा, त्यात गोठलेलं टाकलं तर तो मधला टप्पा फार लांबतो. आदल्या दिवशीच फ्रीजमधे उतरवून ठेवा.

भरायचं कसं

तळाला चरबी, त्यावर कांद्याच्या फाका, त्यावर मटणाचे तुकडे, चरबीची बाजू वर, म्हणजे ती वितळून खाली झिरपत राहते. लसूण फटींमधे. संत्र्याचा आणि लिंबाचा रस वरून पिळा, सगळा मिळून अर्धा कप होतो. पिळलेल्या संत्र्याच्या दोन फोडी सालासकट आत टाका, पण चारही नको, सालीतला पांढरा भाग आठ तासांत कडवट उतरतो. बे लीफ खोचा. झाकण.

बस. पाणी नाही, स्टॉक नाही, बिअर नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला भीती वाटते की खाली लागेल. लागत नाही. स्लो कुकरचं झाकण घट्ट बसतं, वाफ बाहेर जात नाही, वर जमून परत खाली टपकते, आणि खांदा स्वतःचंच इतकं पाणी सोडतो की दोन तासांनी काचेतून बघाल तर मटण निम्मं बुडालेलं दिसेल. वरून एक कप स्टॉक घातला असता तर संध्याकाळी तीनसाडेतीन कप पांचट पाणी काढून टाकायची वेळ आली असती.

कुकर अर्ध्यापेक्षा जास्त आणि दोन तृतीयांशापर्यंत भरलेला असावा. फारच रिकामा असेल तर कडा करपतात, गच्च भरला तर मधलं मटण शिजत नाही. आधी तव्यावर लालसर भाजून मग टाकायचं का, हा प्रश्न येतोच. ब्रेझ करताना, म्हणजे थोड्या रसात झाकून मंद शिजवताना, मी भाजते, इथे नाही. सगळं भाजणं शेवटी आहेच, सकाळी साडेसातला पोर्कचा धूर घरभर कशाला.

किती वेळ आणि कुठल्या सेटिंगवर

लो वर आठ ते नऊ तास, हाय वर पाच ते सहा. लोकांना वाटतं लो म्हणजे कमी तापमान. बहुतेक कुकरमधे दोन्ही सेटिंग शेवटी जवळपास एकाच ठिकाणी, उकळीच्या जरा खाली येऊन थांबतात, फरक फक्त तिथे किती लवकर पोचायचं एवढाच. त्यामुळे लो वर केलेलं जास्त चविष्ट हे अर्धसत्य आहे. खांद्यासाठी लो बरा कारण चुकायला जागा जास्त मिळते, ट्रॅफिकमधे अडकलात आणि तासभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

झाकण उघडू नका. प्रत्येक वेळी उघडलं की आतली वाफ जाते आणि ते तापमान परत यायला वीसेक मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. वास येतोय, बघूया जरा, असं तीनदा केलं की जेवण साडेनऊला. काचेतून बघा. काचेवर थेंब जमलेत म्हणून दिसत नाही? झाकणावर टिचकी मारा, पडतात. टायमरने उशिरा सुरू होणारा कुकर असेल तर मटण आत ठेवून चार तासांनी सुरू हो असं लावू नका, चार तास ते कोमटच बसणार. आणि वॉर्म सेटिंग गरम ठेवायला आहे, शिजवायला नाही.

झालं की नाही ते घड्याळावरून नाही, काट्यावरून. सगळ्यात मोठ्या तुकड्यात काटा खुपसा आणि जरासा पिळा. धागे स्वतःहून सुटले, काट्याला ओढावं लागलं नाही, तर झालं. तुकडा अख्खाच फिरला किंवा रबरासारखा ताणून परत जागेवर आला तर अजून तासभर. ह्या टप्प्यावर घाबरून बंद करणारे पुष्कळ असतात, म्हणतात जास्त शिजून कडक झालं. नाही हो, कमी शिजलंय म्हणून कडक आहे. थर्मामीटर असेल तर आत 90 ते 95 अंश यायला हवं. खाण्यायोग्य तर ते 63 अंशांनाच झालेलं असतं, पण तेव्हा ते सुटणार नाही, चावावं लागेल.

रस आणि चरबी वेगळी करणं

झाऱ्याने तुकडे उचलून मोठ्या ट्रेमधे काढा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात कुकरमधलं पाणी गाळून उंच काचेच्या भांड्यात ओता. संत्र्याची साल आणि बे लीफ फेकायचं, लसूण मऊ मलम झालेला असतो तो मटणात कुस्करा, कांदाही हवा तर घ्या.

पाच मिनिटांत भांड्यात दोन थर दिसतात, वर सोनेरी पारदर्शक चरबी आणि खाली तपकिरी गढूळ रस. चरबी डावाने वरून काढून वाटीत घ्या, फेकू नका, भाजायला तीच लागणार. खालचा रस छोट्या पातेल्यात मोठ्या आचेवर ठेवा आणि निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवा. चमच्याला चिकटायला लागला की थांबा. आधी चव बघत चला कारण आटला की मीठही वाढतं, म्हणून वर मीठ मोजायला सांगितलं. हा आटवलेला रस म्हणजे मगाशी म्हटलेलं ते जिलेटिन, गार झालं की जेलीसारखं थरथरतं. चार चमचे मटणाला लागतील, बाकी बाटलीत.

आता सोडवणं. दोन काटे घ्या, मटण गरम असतानाच, आणि मोठे तुकडे ठेवत सोडवा. काही अंगठ्याएवढे, काही धागे. हँड मिक्सर फिरवून तीस सेकंदात करा असे व्हिडिओ फिरतात, ते करायचं तर सँडविचसाठी करा. भुसा झालेल्या मटणाला भाजताना कड येत नाही, ते नुसतं वाळतं. 18व्या स्ट्रीटवरच्या त्या सुरीचे घाव आठवा. मोठे पांढरे चरबीचे लगदे दिसले तर ह्याच वेळी काढा, थोडे ठेवा.

भाजणं, म्हणजे खरी कार्निटास इथे होतात

ओव्हनचा ब्रॉयलर, म्हणजे वरून आच देणारी ग्रिल, हाय वर, रॅक वरून दुसऱ्या खणात. ट्रेवर फॉइल, त्यावर मटण एका थरात पसरा. एकाच थरात, ढीग नाही, ढीग केला तर वाफेने परत उकडतं, पुरत नसेल तर दोन ट्रे करा. वरून दोन मोठे चमचे चरबी आणि दोन मोठे चमचे आटवलेला रस शिंपडा. संत्र्याची साखर रसात उतरलेली असते, तीच पटकन रंग धरते.

चार मिनिटं. दारापाशीच उभे राहा, फोन खाली ठेवा. आधी तडतड ऐकू येते, मग चरबीचे बुडबुडे बारीक होत जातात, मग कडांचे टोकदार धागे गडद तपकिरी होतात, आणि तिथून काळं व्हायला एखादं मिनिटही पुष्कळ होतं. बाहेर काढा, उलथन्याने उलटसुलट करा, आणखी एक चमचा रस, परत तीन मिनिटं. साधारण तिसरा हिस्सा कुरकुरीत आणि बाकी ओलसर असं झालं की बास. सगळंच कुरकुरीत केलं तर ते चिवडा होतं.

ब्रॉयलर नसेल तर बिडाचा तवा. तो चांगला तापवा, चमचाभर चरबी, मटण पसरा, उलथन्याने दाबा आणि तीन मिनिटं हलवू नका. आपला हात सारखा हलवायला जातो, भाजी परतायची सवय, तो आवरा. खालून खरपूस झालं की फक्त एकदा उलटा, दुसरी बाजू मिनिटभर, उतरवा. मला स्वतःला तव्यावरचंच जास्त आवडतं, एक बाजू खमंग आणि एक मऊ, पण पाहुणे असले की ब्रॉयलर, कारण तव्यावर एका वेळी चारच टॅकोंचं होतं.

एअर फ्रायरचं विचाराल तर 200 अंशांवर पाचसहा मिनिटं, मधे एकदा हलवून. बारीक धागे आत उडतात, म्हणून मोठे तुकडेच टाका.

टॅको

टॉर्टिया, म्हणजे टॅकोच्या पातळ पोळ्या, मक्याच्याच, मैद्याच्या नको. पाकिटातून काढून तशाच वाढल्या तर चिरतात आणि सगळं हातावर. कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिनिट, ठिपके येईपर्यंत, आणि काढल्या काढल्या पोळ्यांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच मिनिटांत वाफेने मऊ होतात. छोट्या असतील तर एकाला दोन लावा, रस्त्यावर तसेच देतात.

वर काय? बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, सालसा वेर्दे. इतकंच. चीज नको, लेट्यूस तर नकोच. मटण चरबीदार आहे, त्याला आंबट आणि तिखट हवं, आणखी स्निग्ध काही नको, अव्होकाडोसुद्धा चवीपुरता. व्हिनेगरमधल्या हालापेनो आणि गाजराच्या चकत्या मेक्सिकन दुकानात डब्यात मिळतात, त्या शेजारी ठेवा.

सालसा वेर्देसाठी आठ टोमॅटियो, दोन सेरानो मिरच्या, अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या, सगळं त्याच ब्रॉयलरखाली काळे डाग पडेपर्यंत भाजा, मूठभर कोथिंबीर आणि मीठ घालून मिक्सरमधे दोनदा फिरवा. फार गुळगुळीत नको. टोमॅटियोला वरचं कागदी आवरण असतं ते काढून आतला चिकटपणा धुवायचा. आपल्याकडच्या रसभरीचीच ही चुलत बहीण, तसंच कागदी पांघरूण.

बाजूला बीन्स करणार असाल तर एक जपायची गोष्ट. कच्चा राजमा कधीही थेट स्लो कुकरमधे टाकू नका. त्यात एक विषारी प्रथिन असतं, ते जोरदार उकळीनेच मरतं, आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर ते राहून जातं, खाल्लं की काही तासांत उलट्या. भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास रटरट उकळा, मगच कुकरमधे. डब्यातले चालतात, ते आधीच शिजलेले असतात. गंमत म्हणजे ह्या यंत्राचा जन्मच बीन्ससाठी झाला, शिकागोत धंदा करणाऱ्या अर्व्हिंग नॅक्सनने ते काढलं, 1940 मधे पेटंट मिळालं, नावच नॅक्सन बीनरी होतं. पुढे रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मधे क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं, तेव्हा कुठे घरोघरी पोचलं.

भारतात करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतून येताना कुणी प्रेमाने स्लो कुकर आणून दिला असेल तर आधी मागचं लेबल वाचा. इथले 120 व्होल्टचे असतात, आपल्या 230 च्या प्लगमधे नुसती पिन बदलून लावला तर काम तमाम. कन्व्हर्टर लागतो, त्यापेक्षा तिकडचाच घ्या. वीज फार खात नाही, दोनअडीचशे वॅटचा कुकर आठ तास चालला तर दोन युनिटच्या आसपास. खरी अडचण लोडशेडिंगची. तुम्ही घरात नसताना किती वेळ लाइट गेली होती हेच माहिती नसेल आणि मटण कोमट असेल तर परत गरम करून खाऊ नका, जीव तुटला तरी फेका.

प्रेशर कुकरमधे सरळ होतं. तेच सामान, फक्त इथे अर्धा कप पाणी घालावं लागतं कारण कुकरमधून वाफ जाते. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग अगदी बारीक गॅसवर पन्नास मिनिटं, दाब आपोआप उतरू द्या. पुढचं आटवणं, भाजणं जसंच्या तसं, तव्यावर. चव नव्वद टक्के तिथे पोचते, सोडवताना जरा जास्त तंतू होतात.

मटण ओळखीच्या दुकानातूनच घ्या. गोव्यात, वसईत, मुंबईत वांद्र्याकडे आणि पुण्यात कॅम्पात पोर्क व्यवस्थित मिळतं, तिथल्या कसायाला खांद्याचं, चरबीसकट, मोठे तुकडे असं सांगितलं की तो समजतो, सोरपोतेल आणि इंदियालसाठी चरबीसकट मागणारी गिऱ्हाइकं त्याला रोजची आहेत. डुकराच्या मटणात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, ही भीती आपल्याकडे खरी आहे, पण 90 अंशांपर्यंत शिजलेल्या मटणात त्या जगत नाहीत. पाटी, सुरी आणि हात मात्र साबणाने धुवा आणि त्याच पाटीवर कोथिंबीर कापू नका.

टोमॅटियोऐवजी कच्चे हिरवे टोमॅटो आणि अर्धं लिंबू, सेरानोऐवजी लवंगी नाही, साधी हिरवी मिरची. टॉर्टियासाठी आपलं मक्याचं पीठ वापराल तर ती लाटता येत नाही, तुटते, कारण मेक्सिकन पीठ चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, भिजवून मग दळलेलं असतं, त्या चुन्यानेच त्याला चिकटपणा येतो. ते पीठ मासा हरिना नावाने ऑनलाइन मिळतं पण महाग. ज्वारीच्या पातळ छोट्या भाकऱ्या करा, सरळ. टॅको म्हणू नका, पण लागतं झकास.

उरलेलं

भाजायचं तेवढंच भाजा. बाकीचं न भाजता, आटवलेल्या रसाचे दोनतीन चमचे घालून डब्यात, दोन तासांच्या आत फ्रीजमधे. तीनचार दिवस राहतं. फ्रीझरमधे चपट्या पिशव्या करून दोनतीन महिने, पिशवी जितकी चपटी तितकी लवकर सुटते. गरम करायला परत स्लो कुकर नको, फार सावकाश गरम होतो. थेट तव्यावर, थोडी चरबी, दाबा, उलटा. मायक्रोवेव्ह केलं तर पोर्कचा तो शिळा वास लगेच वर येतो.

दुसऱ्या दिवशी मला टॅकोपेक्षा तिंगा जास्त आवडतं. पुएब्लाकडचा प्रकार. कांदा उभा चिरून परतायचा, तीन टोमॅटो, डब्यातल्या दोन चिपोत्ले, म्हणजे धुरावलेल्या हालापेनो, मिरच्या त्यांच्या सॉससकट, सगळं मिक्सरमधून काढून कांद्यावर ओतायचं, तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्यात उरलेलं मटण दहा मिनिटं. टोस्टाडावर, म्हणजे कुरकुरीत तळलेल्या टॉर्टियावर ठेवा, भातावर घ्या, अंड्याबरोबर खा. काढून ठेवलेल्या चरबीत दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्या करून बघा, मोहरीची फोडणी न देता, नुसतं मीठ आणि मिरपूड.